शाळा कुणाला आपली वाटते आणि ते मोजायचे कसे

पंधरा वर्षांच्या मुलासमोर सहा विधाने ठेवली जातात. शाळेत मला परक्यासारखे, बाजूला पडल्यासारखे वाटते. शाळेत माझी मैत्री सहज जमते. मी या शाळेतलाच आहे असे वाटते. शाळेत मला अवघडल्यासारखे होते. इतर मुलांना मी आवडतो असे दिसते. शाळेत मला एकटे वाटते. प्रत्येक विधानापुढे चार पर्याय असतात, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. ओईसीडी ही संघटना २००० सालापासून ‘पिसा’ ही आंतरराष्ट्रीय पाहणी घेते. तिच्या विद्यार्थी प्रश्नावलीत हा संच काही फेऱ्यांचा अपवाद वगळता सुरुवातीपासून आहे. डझनावारी देशांतल्या लाखो मुलांनी त्यावर खुणा केल्या आहेत. त्या खुणांवरून शाळेविषयीच्या आपलेपणाचा निर्देशांक तयार होतो. स्थलांतरित कुटुंबांतील मुले आणि त्याच देशातल्या कुटुंबांतील मुले यांच्या निर्देशांकांत किती अंतर आहे, हे पाहून कोणता देश परक्या मुलांना सामावून घेतो आणि कोणता नाही, याचे निष्कर्ष काढले जातात. धोरणे ठरतात, मंत्री भाषणांत आकडे देतात.

हे अंतर खरोखर मुलांच्या मनातले आहे की मोजण्याच्या रीतीतून आलेले आहे? गेली दोन-अडीच दशके मोजमापशास्त्राचे अभ्यासक या प्रश्नाशी झगडत आहेत. त्यांचे काम तांत्रिक भाषेत चालते आणि शिक्षक, पालक, पत्रकार यांच्यापर्यंत सहसा पोचत नाही. पण त्याचे परिणाम थेट वर्गात उतरतात, म्हणून त्याचा आढावा घेणे गरजेचे वाटते.

आपलेपणा ही माणसाची मूलभूत गरज आहे, ही कल्पना मानसशास्त्रात ठामपणे मांडली गेली ती रॉय बाउमाइस्टर आणि मार्क लिअरी यांच्या १९९५च्या लेखात. शाळेपुरता तो मोजण्याचा पाया त्याआधीच, १९९३ मध्ये, कॅरोल गुडनाऊ यांनी घातला होता. शाळेच्या सामाजिक वातावरणात आपल्याला इतरांनी स्वीकारले आहे, आपला मान राखला जातो, आपल्याला सामावून घेतले जाते आणि आधार मिळतो असे मुलाला किती वाटते, ही त्यांची व्याख्या आजही बहुतेक अभ्यासांत वापरली जाते. त्यांच्या प्रश्नावलीत अठरा विधाने होती. अमेरिकेतील एका उपनगरी आणि दोन शहरी शाळांत ती तपासली गेली आणि इंग्रजीबरोबर तिची स्पॅनिश आवृत्तीही होती. म्हणजे भाषेने वेगळ्या मुलांचा विचार या मोजमापाच्या जन्मापासूनच आहे. पुढे तो काहीसा मागे पडला, हे खेदाचे आहे.

मोठ्या पाहण्यांना अठरा विधाने परवडत नाहीत, म्हणून पिसाने सहा घेतली. आपल्याला जिथे रेंगाळायचे आहे अशी पहिली जागा हीच. गुडनाऊ यांच्या संचात शिक्षक ठळकपणे आहेत. पिसाच्या सहा विधानांत शिक्षक कुठेच नाहीत, सगळा भर सोबतच्या मुलांवर आणि स्वतःच्या भावनेवर आहे. शिक्षकांच्या आधाराविषयी पिसा वेगळे प्रश्न विचारते, पण ते या निर्देशांकात मिसळत नाही. गणित-विज्ञानाची ‘टिम्स’ ही दुसरी आंतरराष्ट्रीय पाहणीसुद्धा २०१५ पासून ‘शाळेविषयीचा आपलेपणा’ मोजते. तिथे शाळेत सुरक्षित वाटते का, शिक्षक माझ्याशी न्यायाने वागतात का, या शाळेत येण्याचा अभिमान वाटतो का, असे विचारले जाते. दोन्ही मोजमापांचे नाव एकच आणि आशय बऱ्यापैकी निराळा. एखाद्या सीरियन किंवा सोमाली मुलीला वर्गमैत्रिणींनी छान सांभाळून घेतले असेल, पण बाई तिचा हात वर असताना तिच्याकडे पाहत नसतील, तर पिसात ती सुखी दिसेल आणि टिम्समध्ये दुःखी. स्थलांतरित मुलांना होणारा त्रास बराचसा मोठ्यांकडून होत असेल, तर मैत्रीवर उभारलेले मोजमाप त्या त्रासाकडे पाठ फिरवून बसते. आकडेशास्त्र कितीही काटेकोर असले तरी ही उणीव भरून निघत नाही, कारण जे विचारलेच नाही ते उत्तरांत सापडणार नाही.

आता या मोजमापांनी आजवर काय दाखवले ते थोडक्यात. डग्लस विल्म्स यांनी पिसाच्या पहिल्या फेरीवर लिहिलेला अहवाल २००३ मध्ये आला. सरासरीने दर चार मुलांमागे एकाला शाळेविषयी फारसा आपलेपणा नाही, असे त्यात दिसले. २००६ मध्ये ओईसीडीने स्थलांतरित मुलांवर स्वतंत्र अहवाल काढला. अनेक देशांत ही मुले गुणांत मागे असूनही त्यांची शिकण्याची ओढ आणि शाळेविषयीचे मत स्थानिक मुलांइतकेच किंवा त्यांहून चांगले असल्याचे त्यात नोंदले गेले. मिंग मिंग चिऊ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एकेचाळीस देशांतील पिसाची माहिती घेऊन असेच दुपेडी चित्र मांडले. स्थलांतरित मुले शाळेला महत्त्व देतात, पण शाळा आपली आहे असे त्यांना कमी वाटते. त्यानंतर दक्षिण कोरियातील अभ्यासकांनी २०१७ मध्ये दाखवले की, ज्या देशांची स्थलांतरितांविषयीची धोरणे अधिक सामावून घेणारी आहेत तिथे हे अंतर कमी असते. हे सर्व निष्कर्ष मोलाचे आहेत. पण ते सगळे एका गृहीतकावर उभे आहेत. दोन्ही गटांतील मुलांनी ती विधाने सारख्याच अर्थाने वाचली आणि मनात सारखा आपलेपणा असताना सारखीच खूण केली, हे ते गृहीतक.

त्याची तपासणी करण्याची रीत म्हणजे मोजमापाची समतुल्यता पाहणे. १९७१ मध्ये कार्ल योरेस्कोग यांनी अनेक गटांचे घटक विश्लेषण एकाच वेळी करण्याची पद्धत दिली आणि तिच्यावर पुढची इमारत उभी राहिली. समतुल्यतेच्या पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर फक्त एवढे पाहतात की दोन्ही गटांत ही विधाने एकाच कल्पनेभोवती गोळा होतात का. दुसऱ्या पायरीवर प्रत्येक विधानाचे त्या कल्पनेशी असलेले नाते दोन्हीकडे सारखेच घट्ट आहे का, हे तपासतात. तिसरी पायरी याहून कडक. वाण्याच्या तराजूचा काटा रिकाम्या पारड्यालाच थोडा कललेला असेल तर वजन कितीही नीट वाचा, ते चुकणारच. तसे एखाद्या गटासाठी एखादे विधान सुरुवातीपासूनच वर किंवा खाली कललेले नाही ना, ते इथे पाहतात. दोन गटांच्या सरासरीची तुलना करण्याचा हक्क या तिसऱ्या पायरीनंतरच मिळतो. आणि नेमक्या इथेच देशादेशांतल्या तुलना वारंवार अडखळतात.

हा कल किती मोठा ठरू शकतो, हे कल्पित आकड्यांनी पाहू. चार पर्यायांना एक ते चार गुण द्या आणि उलट्या विधानांचे गुण फिरवून घ्या. समजा स्थानिक आणि नव्याने आलेल्या मुलांच्या मनात सरासरीने अगदी सारखा आपलेपणा आहे. पण ‘अवघडल्यासारखे होते’ या विधानावर नवी मुले अधिक सहमत होतात, कारण दुसऱ्या भाषेत बोलताना अडखळणे, डब्यातल्या पोळीभाजीकडे वळणाऱ्या नजरा, सणाची सुट्टी नसणे, या सगळ्याचा अवघडलेपणा त्यांच्या दिवसात असतोच. शाळेवर प्रेम असले तरी असतो. या एका विधानावर त्यांचे सरासरी गुण ०.६ ने कमी आले, ‘मैत्री सहज जमते’ यावर भाषेमुळे ०.३ ने कमी आले आणि बाकी चार विधानांवर काहीच फरक नाही, असे धरा. एकूण तूट ०.९, सहाने भागली की ०.१५. गुणांचे प्रमाण विचलन ०.६ असेल तर हे अंतर पाव विचलनाएवढे होते. आंतरराष्ट्रीय अहवालात एवढ्या अंतरावर मथळा होतो आणि ‘स्थलांतरित मुलांना शाळा आपली वाटत नाही’ अशी बातमी निघते. आपल्या उदाहरणात तर आपलेपणात काडीचाही फरक नव्हता.

उलट्या दिशेची चूकही तितकीच शक्य आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जाते. युद्धातून सुटून आलेल्या मुलाची तुलना त्याच्या मागच्या शाळेशी असते, शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या अपेक्षांशी नसते. स्टीव्हन हाइन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की, अशा प्रश्नावल्यांत माणूस स्वतःला आपल्या आसपासच्या माणसांशी ताडून उत्तर देतो, त्यामुळे संस्कृतींमधली तुलना फसवी होते. जिथे छप्पर, फळा आणि वेळेवर येणारे शिक्षक हीच नवलाई आहे, तिथे ‘मी या शाळेतलाच आहे’ यावर पटकन होकाराची खूण होते. शिवाय घरातून शिकवण असते की, ज्यांनी आसरा दिला त्यांच्याविषयी वाईट बोलू नये. अशा मुलाचा आकडा चांगला दिसतो. मदतीच्या यादीत त्याचे नाव येत नाही. न्याय्य मोजमापाची चर्चा बहुतेक वेळा ‘या मुलांना उगाच कमी दाखवू नका’ एवढ्यावर थांबते. मला ‘यांना उगाच सुखी दाखवू नका’ हा धोकाही तेवढाच गंभीर वाटतो.

प्रश्न वाचताना होणारी दमछाक तर वेगळीच. सहांपैकी तीन विधाने होकारार्थी आणि तीन नकारार्थी आहेत, ती मुद्दाम तशी ठेवली आहेत. कुणी न वाचता सगळीकडे ‘सहमत’ म्हणत गेले तर त्याची खोटी उंची वाढू नये, हा हेतू. हिशोब करून पाहा. सहाही ठिकाणी ‘सहमत’ म्हणणाऱ्याला होकारार्थी तिन्हींवर तीन-तीन आणि नकारार्थी तिन्हींवर गुण फिरवल्याने दोन-दोन मिळतात, एकूण पंधरा, सरासरी अडीच. बरोबर श्रेणीच्या मध्यावर. युक्ती चांगली आहे, पण ज्या मुलाला शाळेची भाषा नीट वाचता येत नाही म्हणून तो ‘सहमत, सहमत’ करत गेला, तो या युक्तीने मध्यावर जाऊन बसतो. ना सुखी, ना दुःखी. त्याच्याविषयी आपल्याला काहीही कळलेले नसते आणि तरी सरासरीत त्याचा आकडा धरलेला असतो. त्यातच ‘मला एकटे वाटते’ या विधानाशी असहमत होणे म्हणजे नकाराचा नकार. परक्या भाषेत, घड्याळ पाहत, हे उलगडणे सोपे नाही. होकारार्थी आणि नकारार्थी विधाने अनेक अभ्यासांत दोन वेगळ्या घोळक्यांत विभागली जातात. तो फरक भावनेचा आहे की वाक्यरचनेचा, यावर वाद चालूच आहे. वाचनात कच्च्या मुलांमध्ये वाक्यरचनेचा वाटा मोठा असणार, असे मला वाटते आणि शाळेची भाषा नव्याने शिकणारी मुले याच गटात जास्त असतात.

पिसाचे कर्ते या सगळ्याबाबत गाफील आहेत असे मुळीच नाही. २०१५ पासून प्रत्येक विधान प्रत्येक देशात आणि भाषेत अपेक्षेप्रमाणे वागते का, हे तपासले जाते आणि फार वेगळे वागले तर त्या गटासाठी त्याचे मापदंड स्वतंत्र ठेवले जातात. ही मोठी सुधारणा आहे. मात्र ही तपासणी मुख्यतः देश आणि भाषा यांच्या गटांवर होते. एकाच देशात, एकाच भाषेत उत्तरे देणाऱ्या स्थानिक आणि स्थलांतरित मुलांमध्ये विधाने सारखी वागतात का, हा प्रश्न संशोधकांवर सोपवलेला राहतो. जर्मन भाषेची प्रश्नावली जर्मनीत नीट चालते, असे ठरले की बर्लिनमधल्या तुर्की वंशाच्या मुलासाठीही ती नीट चालते असे आपोआप मानले जाते.

संशोधक तपासतात तेव्हाही एक अडचण येते. २००२ मध्ये गॉर्डन च्यंग आणि रॉजर रेन्सव्होल्ड यांनी सुचवले की, पायरी चढताना आकडेशास्त्रीय प्रतिमान माहितीशी जुळण्याचा एक ठरावीक निर्देशांक ०.०१ पेक्षा जास्त घसरला नाही तर समतुल्यता मान्य करावी. हा आकडा दोन गटांच्या आभासी प्रयोगांवरून आला होता. पुढे लेस्ली रटकोवस्की आणि दुब्राव्का स्वेतिना यांनी २०१४ मध्ये दाखवले की, गट पुष्कळ असतील तर दुसऱ्या पायरीपुरती ही मर्यादा ०.०२ पर्यंत सैल करणे रास्त ठरते. या मर्यादा कामाच्या आहेत, पण त्यांचा वापर शिक्क्यासारखा होतो. घसरण ०.००९ आली की ‘समतुल्य’ म्हणून शिक्का बसतो आणि पुढे कुणी मागे वळून पाहत नाही. खरे तर ही घसरण प्रतिमान किती जुळते एवढेच सांगते. एखाद्या विधानाच्या कलामुळे दोन गटांच्या सरासरीतले अंतर किती हलले, हे ती सांगत नाही. तेच कळायला हवे असते. दुसरे असे की, अनेक देशांत नमुन्यात स्थलांतरित मुले अगदी थोडी असतात. पिसा तीसपेक्षा कमी मुले किंवा पाचपेक्षा कमी शाळा असतील तर त्या गटाचा आकडाच छापत नाही. त्याहून थोडी जास्त असली तरी समोर स्थानिक मुलांचा प्रचंड गट असतो, तोच सगळे प्रतिमान आपल्याकडे ओढून घेतो. लहान गटातला फरक पकडण्याची ताकद चाचणीत नसते, आणि मग ‘फरक आढळला नाही’ याचे वाचन ‘फरक नाही’ असे होते.

आता माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. तपासणीत एखादे विधान कललेले सापडले तर करायचे काय? रूढ उत्तर असे की, ते विधान वगळावे किंवा त्या गटासाठी त्याला मोकळे सोडावे आणि उरलेल्यांवरून तुलना करावी. आकडेशास्त्रदृष्ट्या हे बरोबर आहे, १९८९ पासून बार्बरा बर्न आणि सहकाऱ्यांच्या ‘अंशतः समतुल्यते’च्या मांडणीने त्याला मान्यता मिळाली आहे. पण ‘परक्यासारखे वाटते’ हे विधान स्थलांतरित मुलांमध्ये वेगळे वागते, याची दोन कारणे असू शकतात. एक म्हणजे नवखेपणाचा सर्वसाधारण अवघडलेपणा, ज्याचा शाळेच्या वागणुकीशी संबंध नाही. दुसरे म्हणजे मैत्री आहे, एकटेपणा नाही, आणि तरीही शाळा त्यांना दररोज परके ठरवते. नावाचा उच्चार दर वर्षी नव्याने चुकतो, इतिहासाच्या तासाला ‘तुमच्याकडे काय होते’ असे विचारले जाते, सहलीच्या पालकपत्राची भाषा आईला वाचता येत नाही. या दुसऱ्या बाबतीत ते कललेले विधान म्हणजे मोजमापातला दोष नव्हे, तोच शोध आहे. ते काढून टाकले तर निर्देशांक समतुल्य होतो, आलेख स्वच्छ होतो आणि अन्याय नोंदीतून निघून जातो. आकडेशास्त्राला या दोन कारणांतला फरक ओळखता येत नाही. तो ओळखण्यासाठी मुलांजवळ बसून विचारावे लागते.

विचारण्याची रीतही उपलब्ध आहे. प्रश्नावली तयार करताना मुलाला एकेक विधान मोठ्याने वाचायला सांगतात, वाचताना डोक्यात काय आले ते बोलायला सांगतात आणि मग त्याने अमुकच खूण का केली हे विचारतात. गुडनाऊ यांच्या संचात ‘या शाळेत मी जसा आहे तसा वागू शकतो’ या आशयाचे विधान आहे. न्यू जर्सीतल्या मराठी घरातील मुलीसमोर ते ठेवून पाहावे. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, रविवारी मराठी शाळा, मंडळाच्या गणेशोत्सवात नाच आणि सोमवारी मैत्रिणींसोबत वेगळेच विषय. यातली ‘जशी आहे तशी’ कोणती? ती मुलगी कदाचित दोन्हीकडे आनंदात असेल आणि तरी ‘असहमत’ म्हणेल, कारण शाळेत ती स्वतःचा एक भाग मुद्दाम घरी ठेवते आणि त्यात तिला काही वावगे वाटत नाही. जॉन बेरी, जीन फिनी आणि सहकाऱ्यांनी तेरा देशांतील स्थलांतरित किशोरांचा अभ्यास करून २००६ मध्ये मांडले की, दोन्ही संस्कृतींशी नाते ठेवणारी मुले एकूणात सर्वांत चांगली जुळवून घेतात. एकाच ‘मी’ची अपेक्षा धरणारे विधान अशा मुलांवर अन्याय करते. हे कोणत्याही गुणांकातून कळणार नाही, वीस-पंचवीस मुलांशी निवांत बोलण्यातून कळेल. मोठ्या पाहण्यांच्या खर्चाच्या तुलनेत हे काम स्वस्त पडते.

‘स्थलांतरित’ हा गटच मुळात किती एकसंध आहे, हाही प्रश्न आहे. पिसाची व्याख्या जन्मस्थानावर आहे. आई आणि वडील दोघेही परदेशात जन्मले असतील तरच मूल स्थलांतरित, ते स्वतः परदेशात जन्मले असेल तर पहिल्या पिढीचे आणि इथे जन्मले असेल तर दुसऱ्या पिढीचे. दोघांपैकी एकाचाही जन्म त्या देशातला असेल तर मूल स्थानिकांत धरले जाते. २०१५ मध्ये या व्याख्येने ओईसीडी देशांतील सुमारे साडेबारा टक्के मुले स्थलांतरित ठरली. पण स्वतः परदेशात जन्मलेली किंवा किमान एक पालक परदेशात जन्मलेली मुले मोजली तर प्रमाण चारात एकाच्या जवळ जात होते. व्याख्येची रेघ थोडी सरकली की गट जवळजवळ दुप्पट होतो. रेघेपलीकडे गेलेली मुले नुसती गाळली जात नाहीत, ती ‘स्थानिक’ गटात जमा होऊन तुलनेची दुसरी बाजूही बदलतात. दोन चुलत बहिणी एकाच शाळेत असतील, एकीचे आईवडील दोघे भारतात जन्मलेले, दुसरीची आई अमेरिकेत जन्मलेली, तर रंग, आडनाव आणि डबा सारखाच असूनही एक स्थलांतरित आणि दुसरी स्थानिक ठरेल.

या गटाच्या आत तर कितीतरी जगे आहेत. कॅनडाने १९६७ पासून शिक्षण आणि कौशल्य पाहून गुण देत लोक घेतले, त्यामुळे तिथल्या बऱ्याच स्थलांतरित मुलांच्या घरी पदवीधर पालक असतात. जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी कामगार आणले आणि १९७३ मध्ये ती भरती थांबवली. ते परत जातील असे धरून चाललेल्या देशात त्यांची नातवंडे आज शिकत आहेत. जर्मनीत तर ही मुले कागदावर फार काळ दिसतच नव्हती, कारण अधिकृत आकडेवारी नागरिकत्वावर चालत होती. डिसेंबर २००१ मध्ये पिसाचे पहिले निकाल आले आणि देश हादरला. २००५ पासून तिथल्या राष्ट्रीय पाहणीत स्थलांतरित पार्श्वभूमीची वेगळी नोंद होऊ लागली. मोजण्याचा न्याय कुणाला मोजायचे इथूनच सुरू होतो, याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

जर्मनीचे उदाहरण आणखी एका कारणाने विचार करायला लावते. तिथे बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षाच्या आसपास, मुले वेगवेगळ्या दर्जाच्या शाळांत वाटली जातात. खालच्या दर्जाच्या शाळेत स्थलांतरित मुले एकवटली, तर त्या शाळेत त्यांना एकटे वाटायचे कारण उरत नाही. आसपास आपल्यासारखीच मुले. प्रश्न ‘या शाळेत’ कसे वाटते असा आहे, त्याचे उत्तर चांगले येऊ शकते. शिक्षणव्यवस्थेने त्यांना बाजूला काढले आहे ही गोष्ट त्या उत्तरात कुठेच येणार नाही. संयुक्त अरब अमिरातीत हेच वेगळ्या रूपात दिसते. तिथे २०१८ च्या पिसात निम्म्याहून अधिक मुले स्थलांतरित होती आणि गुणांत ती स्थानिक मुलांच्या बरीच पुढे होती. दुबईतल्या सीबीएसई शाळेत शिकणारे ठाण्याचे किंवा कोल्हापूरचे मूल भारतीय मुलांच्याच गर्दीत असते, दिवाळी-होळी शाळेतच होते. त्याची नोंद ‘स्थलांतरित’ आणि टोरांटोच्या शाळेत एकट्याच पडलेल्या भारतीय मुलाची नोंदही ‘स्थलांतरित’. एकाला आपली वाटणारी शाळा ही त्याच्या समाजाची बेटासारखी वसाहत आहे, दुसऱ्याची शाळा हा यजमान देश आहे. हे दोन आकडे एका तक्त्यात शेजारी मांडून अमिरातीने मुलांना छान सामावून घेतले असे म्हणणे कोणत्याही समतुल्यता चाचणीने योग्य ठरणार नाही.

आणि ज्यांना प्रश्नच विचारले गेले नाहीत ती मुले? पिसाच्या नियमांनुसार चाचणीच्या भाषेत ज्यांचे शिक्षण एक वर्षाहून कमी झाले आहे आणि जी ती भाषा पुरेशी जाणत नाहीत, त्यांना वगळता येते. वाचनाच्या परीक्षेपुरता हा नियम माणुसकीचा आहे. पण आपलेपणाची प्रश्नावली त्याच पाहणीत येत असल्याने ती मुले तिथूनही गळतात. शाळेत सर्वांत परकी ती पहिल्या वर्षीच असतात. शाळा सोडून कामाला लागलेली पंधरा वर्षांची मुलेही अर्थातच नमुन्यात नाहीत. शिवाय पालकांचा जन्म कुठला, हे मूल स्वतःच सांगते. अमेरिकेत १९८२ च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ या निकालाने कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क दिला आहे. हक्क असला तरी घरात धास्ती असेल तर ‘आई कुठे जन्मली’ या प्रश्नावरची जागा कोरी सोडण्याकडे कल असणारच. कोरी जागा म्हणजे विश्लेषणातून बाहेर. इथली चूक विधानांच्या कलाची नाही, पण निष्कर्षावर तिचा परिणाम कलाहून मोठा असू शकतो, आणि अभ्यासलेखांत तिला एखादे वाक्य मिळते.

एकदाच मोजण्याविषयीही बोलले पाहिजे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २००७ मध्ये आपलेपणाविषयीच्या अनिश्चिततेची कल्पना मांडली, ती अमेरिकेतील कृष्णवर्णीय महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संदर्भात. ज्यांना आपण इथले आहोत की नाही याची खात्री नसते, त्यांच्या मनातला आपलेपणा दिवसभराच्या बऱ्यावाईट प्रसंगांबरोबर वरखाली होतो. हे स्थलांतरित मुलांनाही लागू असेल, तर एका दिवशी घेतलेली सरासरी दोन्ही गटांत सारखी निघूनही जगणे सारखे नसेल. एकाचा आपलेपणा स्थिर, दुसऱ्याचा दररोज नव्याने मिळवायचा. आजच्या मोठ्या पाहण्यांत या चढउताराला जागा नाही.

सुधारणा कुठून सुरू करावी, याबाबत तज्ज्ञांत बरेच एकमत आहे. अमेरिकेतील तीन प्रमुख संस्थांनी मिळून काढलेल्या चाचण्यांच्या मानकांच्या २०१४ च्या आवृत्तीत न्याय्यतेला वैधता आणि विश्वसनीयता यांच्या बरोबरीने पायाभूत स्थान मिळाले. पिसाने २०१२ मध्ये शिक्षकांचा आधार आणि वर्गातली शिस्त यांसाठी काल्पनिक प्रसंग वापरून पाहिले. आधी एका कल्पित शिक्षकाचे वर्णन वाचून त्याला किती गुण द्याल असे विचारायचे, म्हणजे मुलाची मोजपट्टी कुठे सुरू होते ते कळते. आपलेपणासाठी हे करणे कठीण आहे, कारण प्रसंगही वाचावे लागतात आणि वाचनाचे ओझे वाढते. २०१४ मध्ये तिहोमिर अस्पारूहोव आणि बेंट म्युथेन यांनी मांडलेली ‘अलाइनमेंट’ पद्धत अनेक गटांत पूर्ण समतुल्यता नसतानाही सरासरींचा अंदाज करू देते आणि कोणते विधान कुठे वेगळे वागले याची यादीही देते. मला त्या यादीचे मोल सरासरीहून जास्त वाटते. प्रत्येक अभ्यासाने दोन आकडे छापावेत, कललेली विधाने ठेवून आलेला आणि ती मोकळी सोडून आलेला, आणि त्यांच्यातल्या फरकाचे कारण मुलांच्या तोंडून दिले जावे. शिक्षकांच्या वागणुकीविषयीची विधाने आपलेपणाच्या संचात परत यावीत. आणि नव्याने आलेल्या मुलांना वाचनाच्या परीक्षेतून वगळले तरी ही सहा विधाने त्यांच्या घरच्या भाषेत, गरज असेल तर ऐकवून, विचारली जावीत.

महाराष्ट्राचा या साऱ्याशी थेट संबंध तसा थोडा आहे. पिसाच्या २००९ च्या फेरीत भारतातून फक्त तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले होते, त्यानंतर भारत त्यात नाही. पण मुलांचे स्थलांतर आपल्याकडे देशांतर्गत आहे आणि ते प्रचंड आहे. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवते. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची मुले दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि गाळप संपल्यावर परततात. काहींसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, काहींसाठी कधी साखरशाळा निघाल्या. त्यांच्या हजेरीची, वाचनाची मोजणी होते. शाळा आपली वाटते का, हे त्यांना पद्धतशीरपणे विचारायचे ठरले आणि परदेशी संच तसाच भाषांतरित करून वापरला, तर पहिल्याच विधानावर अडचण येईल. ‘शाळेत’ म्हणजे गावातल्या, जिथे पटावर नाव आहे, की फडाजवळच्या, जिथे मूल प्रत्यक्ष बसते? ती प्रश्नावली इथे नव्याने लिहावी लागेल आणि लिहिण्याआधी गाळप हंगामात फडावर जाऊन त्या मुलांशी बोलावे लागेल.